१९७७ मध्ये दगडही निवडून आला असता?

कोकणात निवडणुकीच्या गप्पा रंगल्या की एक वाक्य हमखास येतं: ‘आणीबाणीनंतर इंदिराबाईंवरच्या रागात दगडही निवडून आला असता.’ हे खरं नाही, आणि तेव्हाच्या मतदारावर अन्याय करणारंही आहे.

राजापूर मतदारसंघच बघा. नगरला जन्मलेले, मुंबईत भौतिकशास्त्र शिकवणारे प्रा. मधू दंडवते तिथून १९७१ सालीच निवडून आले होते, तेही इंदिराबाईंच्या ‘गरिबी हटाओ’च्या ऐन लाटेत. त्याआधी १९५७ पासून तिथे बॅ. नाथ पै होते. १९८० आणि १९८४ मध्ये देशाचं वारं काँग्रेसकडे फिरलं, तरी राजापूर दंडवत्यांकडेच राहिलं. हा राग नव्हे, विश्वास होता.

मग रागाने काय केलं? उत्तरेला कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, ते दिसतं. १९७१ मध्ये काँग्रेसकडे असलेली ही जागा १९७७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या दि. बा. पाटलांनी जिंकली. नेता नकोसा झाला की ‘आमचं मत ठरलेलं’ म्हणणारा माणूस दुसरं नाव निदान ऐकून घेतो. रागाचं काम तेवढंच. पण हे नाव पनवेलकरांना नवखं नव्हतं, दि. बा. तिथले जुने आमदार, शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी आधीपासून लढणारे.