तुमच्या लॉरीला दोन्ही बाजूंना चेन का आहे?

या खोक्यातली लाकडी लॉरी हातात आली की बहुतेक जण आधी ती उलटी करून बघतात. मग आम्हाला फोन येतो, "मागच्या चाकांना सायकलसारखी चेन कशी काय? आणि तीही दोन्हीकडे?" ती बरोबर आहे. मूळ गाडीला तशीच होती. तिची हकीकत फोनवर सांगून संपत नाही, म्हणून आता हा कागदच खोक्यात ठेवतो.

हे मॉडेल अल्बियन ए-१० या तीन टनी लॉरीचं. मूळ लॉरी १९१० पासून स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या स्कॉट्सटन भागातल्या कारखान्यात बनू लागली. इंजिन ३२ हॉर्सपॉवरचं. आता चेनचं काम बघा. इंजिन पुढे, गिअरबॉक्स मध्यावर आणि तिथून गाडीच्या रुंदीभर गेलेला एक आडवा शाफ्ट. शाफ्टच्या दोन्ही टोकांना छोटी दातेरी चाकं आहेत. त्यांच्यावरून निघालेली एकेक चेन मागच्या चाकाला बसवलेलं मोठं दातेरी चाक फिरवते. मागचा आख मात्र फिरत नाही. बैलगाडीच्या आखासारखा तो जागेवर राहून फक्त ओझं पेलतो. त्यामुळे तो साधा आणि दणकट ठेवता येई, आणि गिअरचं नाजूक काम वर, स्प्रिंगांच्या आधाराने चालणाऱ्या सांगाड्यात सुरक्षित राही. चेनला धूळ-चिखल लागे, आवाज होई, सारखं वंगण द्यावं लागे, हेही खरंच. पण टायर भरीव रबराचे आणि रस्ते दगडांचे, अशा काळात तीन टन माल ओढायला ही रचना फार उपयोगाची होती. मॉडेलमध्ये दोन्ही चेन आम्ही खऱ्याच फिरत्या बसवल्या आहेत. लॉरी हळू ढकला, आडवा शाफ्ट फिरताना दिसेल.

अल्बियन कंपनी ३० डिसेंबर १८९९ रोजी सुरू झाली. टॉमस ब्लॅकवुड मरे आणि नॉर्मन ऑस्बर्न फुल्टन हे दोघे त्याआधी ॲरल-जॉन्स्टन या दुसऱ्या स्कॉटिश मोटार कंपनीत होते. ग्लासगोच्या फिनिस्टन स्ट्रीटवर एका इमारतीत जागा घेऊन त्यांनी काम मांडलं. हाताखाली माणसं होती सात. सुरुवातीच्या भांडवलातला मोठा वाटा, १३०० पौंड, मरे यांच्या वडिलांनी बिगर नावाच्या गावाजवळची आपली मिळकत गहाण ठेवून उभा केला. मुलाच्या धंद्यासाठी जमीन गहाण टाकणं म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ते कर्ज वाया गेलं नाही. अल्बियनची जुनी कागदपत्रं आज त्याच बिगर गावात जपून ठेवलेली आहेत.

१९०० साली बाहेर पडलेली त्यांची पहिली मोटार म्हणजे घोडा काढून घेतलेला टांगाच वाटते. अंग पॉलिश केलेल्या लाकडाचं, टायर भरीव, आठ हॉर्सपॉवरच्या इंजिनातले दोन सिलिंडर आमनेसामने आडवे. स्टिअरिंगचं चाक नव्हतंच. होडीच्या सुकाणूसारखी एक दांडी धरून गाडी वळवायची. १९०३ मध्ये कारखाना स्कॉट्सटनला गेला, मोटारी मोठ्या झाल्या, आणि त्यांच्याबरोबर माल वाहणाऱ्या गाड्याही वाढत गेल्या.

ग्लासगोच्याच परिसरात आर्गाइल नावाची दुसरी मोटार कंपनी होती. तिने १९०६ मध्ये अलेक्झांड्रिया गावी घुमट आणि संगमरवरी जिना असलेला राजवाड्यासारखा मोटार कारखाना बांधला. तेवढा खर्च भरून निघण्याइतक्या मोटारी खपल्या नाहीत आणि १९१४ पर्यंत ती कंपनी बुडाली. अल्बियनने उलट केलं. चालू असलेला मोटारींचा धंदा १९१३ मध्ये बंद केला आणि सगळं बळ लॉरींवर लावलं. आमच्या मते या कंपनीचा सगळ्यात धाडसी निर्णय हाच. मॉडेलसाठी मोटार न निवडता लॉरी निवडली, ती त्याचमुळे.

पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. ब्रिटनच्या युद्धखात्याला जवळपास सहा हजार ए-१० लॉरी पुरवल्या गेल्या. युद्ध संपल्यावर यातल्या कितीतरी गाड्यांवर लांब बाकं ठोकून लोकांनी त्यांच्या उघड्या सहलीच्या बस केल्या. तुमच्या मॉडेलचा हौदा म्हणूनच चार स्क्रूंवर सुटा ठेवला आहे. खोक्यातली बाकांची पाटी त्या जागी बसवली की युद्धातली लॉरी सहलीला निघते. मुलांना हे काम स्वतः करू द्या.

नंतर अल्बियनने बसच्याही चासी बनवल्या. १९२७ ची 'व्हायकिंग' ही त्यांची पहिली बस, जिच्यात ड्रायव्हर इंजिनाच्या मागे न बसता शेजारी बसे. त्यामुळे ३२ प्रवाशांची सोय झाली. १९३२ मध्ये 'व्हेंचरर' ही डबलडेकर आली. उगवत्या सूर्याचं चिन्ह आणि 'सूर्योदयाइतकी खात्रीची' अशा अर्थाचं घोषवाक्य ही कंपनीची ओळख होती.

१९५१ मध्ये लेलँडने अल्बियन विकत घेतली. हीच लेलँड १९५५ मध्ये मद्रासच्या अशोक मोटर्समध्ये भागीदार झाली आणि अशोक लेलँड हे नाव आलं. एस.टी.ने प्रवास करताना अशोक लेलँडच्या बसवर व्हायकिंग हे नाव तुमच्या वाचनात आलं असेल. अल्बियनच्या १९२७ च्या बसचं नावही तेच होतं. तिकडे स्कॉट्सटनमध्ये १९७२ ला अल्बियन हे नाव गाड्यांवरून उतरलं आणि १९८० ला पूर्ण गाड्या बनणं थांबलं. ॲक्सलसारखे सुटे भाग त्यानंतरही तिथे बनत राहिले.

लॉरी उन्हात किंवा ओलीत ठेवू नका, लाकूड फुगलं की चाकं अडकतात. महिन्यातून एकदा काडीच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब प्रत्येक चेनला द्या आणि जास्तीचं तेल फडक्याने टिपून घ्या. पावसाळ्यात चेन सैल वाटली तर आडव्या शाफ्टजवळचा पितळी स्क्रू अर्धा फेरा आवळा. त्यानेही भागलं नाही तर लॉरी आमच्याकडे पाठवा, बसवून देऊ.