अपराध पोटात घालणे : योसेफाच्या क्षमेची पार्श्वभूमी

याकोबाचा लाडका मुलगा योसेफ. मत्सराने भावांनी त्याला विकले, तो मिसरात गुलाम झाला आणि पुढे तिथला मोठा अधिकारी. दुष्काळात तेच भाऊ त्याच्याकडे धान्य मागायला आले. संडे स्कूलमध्ये त्याची गोष्ट बहुधा बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या ४५व्या अध्यायात संपते. तो भावांना ओळख देतो, मोठ्याने रडतो, धाकट्या बन्यामिनाच्या गळ्यात पडतो आणि सगळे मिटले असे आपण धरून चालतो. पण क्षमेचा शब्द त्या अध्यायात नाहीच. तो येतो ५०व्या अध्यायात, याकोबाला पुरून सगळे मिसरात परतल्यावर.

वयांचा हिशेब मांडला की हे अंतर डोळ्यांत भरते. विकला गेला त्या सुमारास योसेफ १७ वर्षांचा होता. मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा ३०. सुकाळाची ७ आणि दुष्काळाची २ वर्षे धरली, तर ओळख दिली तेव्हा ३९. त्यानंतर याकोब मिसरात १७ वर्षे जगला आणि १४७व्या वर्षी वारला. म्हणजे भावाला विकून जवळजवळ ४० वर्षे झाल्यावर हे लोक क्षमा मागतात. मधली १७ वर्षे त्यांनी त्याचेच धान्य खाल्ले होते, तरी मनातली भीती गेली नव्हती.

तीही मागतात कशी, तर बापाच्या नावाने. ‘तुझ्या बापाने मरणापूर्वी असे सांगितले होते’ म्हणून निरोप धाडतात. याकोबाने असे काही सांगितल्याची नोंद आधी कुठेच नाही. मुलांनी नेमके काय केले हे त्याला कधी कळले की नाही, तेही उत्पत्ती सांगत नाही. यहुदी धर्मपंडितांनी याच वचनावरून पुढे मुभा काढली, की सलोख्यासाठी सत्य थोडे वळवले तरी चालते.

त्या निरोपात ‘क्षमा कर’ यासाठी आलेला हिब्रू शब्द आहे ‘नासा’. अर्थ उचलणे, वाहणे. गुंता इथूनच सुरू होतो. भावाचा खून केलेला काइन ‘माझ्याने वाहवत नाही’ म्हणतो तिथे हेच क्रियापद आहे. तो शिक्षेबद्दल बोलतो की अपराधाबद्दल, यावर भाषांतरे फुटली: जुन्या ग्रीक आणि लॅटिन भाषांतरांनी ‘क्षमा होण्यापलीकडचा अपराध’ असा अर्थ घेतला. नाशाच्या उंबरठ्यावरच्या सदोम नगरासाठी योसेफाचा पणजोबा अब्राहाम रदबदली करतो तेव्हा देव ‘पन्नास नीतिमान सापडले तर सगळ्या गावाची गय करीन’ म्हणतो, तिथेही ‘नासा’च. आणि योसेफ तुरुंगात दोन सेवकांची स्वप्ने उलगडतो तेव्हा ‘फारो तुझे डोके उचलील’ हे शब्द दोघांनाही येतात. एक पुन्हा हुद्द्यावर जातो, दुसरा सुळावर. म्हणजे उचलणे कुणाचे आणि ओझे शेवटी कुणाच्या खांद्यावर, हे संदर्भावरच ठरते.

मराठीत आपल्याकडे तीन शब्द आहेत. ‘माफी’ अरबी-फारसीतून आली. तिला शेतसाऱ्याच्या सुटीचा वास आहे, देणे होते ते सोडले, हिशेब बंद. ‘क्षमा’ संस्कृतातली, तिच्या मुळाशी सोसणे आहे. पण ‘नासा’च्या सर्वांत जवळ जाते ते घरातले बोलणे: अपराध पोटात घालणे. इथे अपराध नाहीसा होत नाही, ज्याच्यावर अन्याय झाला तोच तो आपल्यात घेतो. मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायाबापड्यांच्या मराठीत बायबल आणण्याचा ध्यास केडगावच्या पंडिता रमाबाईंनी अखेरपर्यंत धरला होता. त्यांचे भाषांतर त्यांच्या मागे, १९२४ मध्ये छापून आले. अशा ठिकाणी त्या ध्यासाची गरज फार जाणवते.

योसेफ उत्तरात ‘क्षमा केली’ असे म्हणतच नाही. तो रडतो, ‘मी देवाच्या ठिकाणी आहे काय?’ असे विचारतो आणि त्यांना व त्यांच्या मुलाबाळांना पोसण्याचे वचन देतो. यावरून काही भाष्यकार म्हणतात, त्याने क्षमा केलीच नाही, प्रश्न देवावर सोपवला. मला हे पटत नाही. ‘तुम्ही माझे वाईट योजले’ हे तो तोंडावर बोलतो, काही झाकत नाही, आणि त्याच श्वासात त्यांच्या पोटाची जबाबदारी घेतो. याहून वेगळी क्षमा कोणती?

नंतरच्या परंपरांनी आपापला धागा उचलला. नव्या करारात, इब्रीकरांस पत्राच्या ११व्या अध्यायात, विश्वासाने जगलेल्या पूर्वजांची मालिका आहे. त्यात योसेफाची क्षमा नाही. मिसरातून निघाल तेव्हा माझ्या अस्थी न्या, ही मरतानाची आज्ञा आहे. कुराणातला यूसुफ भावांना ‘आज तुमच्यावर कोणताही ठपका नाही’ म्हणतो, आणि ६३० मध्ये मक्का ताब्यात आल्यावर पैगंबरांनी हेच शब्द उच्चारले असे परंपरा सांगते.

याकोबाला जिथे पुरले, ते या घराण्याचे दफनस्थान पॅलेस्टाइनमधल्या हेब्रोनला आहे. मखपेलाची ती गुहा अब्राहामाने पत्नी सारेच्या दफनासाठी ४०० शेकेल रुपे मोजून घेतली. त्याला तिथे पुरायला इसहाक आणि इश्माएल दोघेही आले, घरात राहिलेला मुलगा आणि हाकलून दिलेला. दोघांत समेट कसा झाला, यावर एक अक्षरही नाही. त्याच हेब्रोनमध्ये १९२९ मध्ये ६७ यहुदी मारले गेले. १९९४ मध्ये गुहेवरच्या वास्तूतच नमाज पढणाऱ्या २९ जणांना एका यहुदी बंदूकधाऱ्याने ठार केले. तेव्हापासून वास्तूचे दोन भाग आहेत. वर्षातले १० दिवस ती पूर्ण यहुद्यांना मिळते, १० दिवस पूर्ण मुसलमानांना. याकोबाची समाधी एका भागात, इसहाकाची दुसऱ्या भागात. अब्राहामाची मधे आहे, दोन्हीकडच्या जाळीच्या खिडक्यांतून दिसते.