देवमाशांच्या अभ्यासासाठी उन्हाळी इंटर्नशिप : अर्ज करण्यापूर्वी एवढं वाचा
(विद्यार्थी आणि पालकांसाठी)

आपल्या कॉलेजांची मोठी सुट्टी एप्रिल-मेमधली. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, मेन राज्यालगतच्या आखातात, हंपबॅक जातीचे देवमासे वसंतात खायला येतात आणि शरद ऋतूपर्यंत मुक्काम ठोकतात. तिथल्या संस्था विद्यार्थ्यांना घेतात ते मुख्यतः जून ते ऑगस्ट, म्हणजे नेमकं आपलं नवं सत्र सुरू होतं तेव्हा. अर्ज मात्र बऱ्याच ठिकाणी भर थंडीतच मागवले जातात. परीक्षा आटोपून मे महिन्यात अर्जाच्या मदतीसाठी आमच्याकडे आलात, तर त्या वर्षीची गाडी निघून गेलेली असते. म्हणून दिवाळी झाली की भेटा, आणि त्याआधी हजेरीचं काय करायचं ते विभागप्रमुखांशी बोलून घ्या. हा प्रश्न सुटल्याशिवाय आम्ही अर्जाला हात लावत नाही.

काम नेमकं काय असतं?

देवमाशाला हात लावायला मिळणार नाही. अमेरिकेत सागरी सस्तन प्राण्यांसाठी १९७२पासून स्वतंत्र कायदा आहे. टिश्यूचा नमुना घेणं, टॅग लावणं ही कामं परवानाधारक संशोधकच करतात. राइट व्हेल या जातीचे तर उत्तर अटलांटिकमध्ये ४००सुद्धा उरलेले नाहीत. त्यांच्यापासून ५०० यार्ड लांब राहणं बंधनकारक आहे.

इंटर्नची जागा बहुधा पर्यटकांना देवमासे दाखवणाऱ्या बोटीवर असते. हातात नोंदवही किंवा टॅबलेट, गळ्यात कॅमेरा. वेळ, अक्षांश-रेखांश, वारा, लाटा, किती प्राणी, काय करताहेत, हे सगळं टिपायचं. काहीच दिसलं नाही तरी नोंद करायचीच, कारण किती वेळ शोधलं हे कळल्याशिवाय ‘किती दिसले’ या आकड्याला अर्थ नाही. मधल्या वेळात पर्यटकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, तीही हसतमुखाने.

खरी गंमत फोटोंत आहे. हंपबॅक खोल बुडी मारताना शेपूट वर काढतो. तिच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, शिवाय कडेचे खाचखळगे आणि जुने व्रण. त्यावरून एकेक प्राणी ओळखतात आणि त्याला नाव देतात. या आखातातली सर्वांत प्रसिद्ध मादी ‘सॉल्ट’. तिच्या पाठीवरच्या परावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे डाग आहेत, त्यावरून हे नाव पडलं. १९७०च्या दशकात ती मॅसॅच्युसेट्सजवळ दिसली, पुढे डॉमिनिकन रिपब्लिकच्या समुद्रातही तिची ओळख पटली. इथे खाणारे देवमासे हिवाळ्यात कॅरिबियनमध्ये विणीला जातात, हे असं फोटो जुळवून सिद्ध झालं. आज तिच्या पिल्लांची आणि नातवंडांचीही नोंद आहे. मेनमधल्या ‘अलाइड व्हेल’ गटाने तर संपूर्ण उत्तर अटलांटिकमधल्या हंपबॅकच्या शेपट्यांची सूची सांभाळली आहे.

तेव्हा बोटीवरून उतरलं की काम संपत नाही. संध्याकाळी शेकडो फोटो पाहायचे, अंधुक असतील ते काढून टाकायचे, उरलेले सूचीशी ताडून बघायचे. ज्याला याचा कंटाळा येतो त्याने या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. घरबसल्या चाचणी घ्यायची असेल तर ‘हॅपीव्हेल’ या संकेतस्थळावरचे शेपट्यांचे फोटो आठवडाभर न्याहाळा. अर्जात लिहायलाही त्याचा उपयोग होतो.

आणि बोट लागते. पोहता येणाऱ्यांनाही लागते. गोळी डॉक्टरांना विचारून बोटीत चढण्यापूर्वी घ्यायची. उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहत नाही. आलेपाक जरूर न्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

पैसे आणि व्हिसा

बऱ्याच जागा बिनपगारी असतात आणि राहण्या-जेवण्याचा खर्च आपला. काही ठिकाणी उलट सहभाग शुल्क आकारतात. त्यात गैर काही नाही, पण शुल्क कशाचं ते लेखी घ्या आणि कामाची रोजची रूपरेषा मागा. ती देता येत नसेल तर ती सहल समजा. पगार नाही म्हणून पर्यटक व्हिसावर जाण्याचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका. इंटर्नशिपचा नेहमीचा मार्ग जे-१ व्हिसाचा (शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठीचा व्हिसा), आणि त्यासाठी मान्यताप्राप्त प्रायोजक संस्थेने दिलेला डीएस-२०१९ हा पात्रतेचा फॉर्म लागतो. संस्था परदेशी विद्यार्थी घेते का, हे आम्ही सर्वांत आधी विचारतो. बरीच नावं तिथेच गळतात.

अमेरिकाच कशाला?

हा प्रश्न आम्ही स्वतःहून विचारतो. कोकण किनाऱ्यावर कुबडे डॉल्फिन आहेत, सिंधुदुर्गच्या समुद्रात ब्रायडीज देवमासे दिसले आहेत. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे इथला हंगाम पावसाळा सरल्यापासून मेपर्यंतचा, म्हणजे सुट्टीत बसणारा. आधी इथल्या संशोधकांबरोबर थोडं काम केलंत, मच्छीमारांशी बोललात, तर परदेशी अर्जातलं पत्र आपोआप वजनदार होतं. या सल्ल्याचे आम्ही पैसे घेत नाही.

आमच्याकडून काय मिळेल?

संस्थांची निवड, बायोडेटा आणि पत्राची तपासणी, मुलाखतीचा सराव. पत्र तुम्हीच लिहायचं; आम्ही लिहून देत नाही. निवडीची हमी आम्ही देत नाही, कुणीच देऊ शकत नाही. पहिल्या भेटीला पासपोर्ट, मागच्या दोन सत्रांच्या गुणपत्रिका आणि कॉलेजचं वार्षिक वेळापत्रक आणा. आई-बाबांपैकी कुणी सोबत असेल तर खर्चाचं बोलणं त्याच बैठकीत उरकता येईल.