होला हो करणं वेगळं, मनातलं ओळखून बोलणं वेगळं

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाशी वाद घालू नये, हे आता बऱ्याच घरांना ठाऊक असतं. गल्लत होते ती त्यापुढे. वाद नको म्हणून सगळे होला हो करू लागतात आणि व्यक्तिकेंद्री काळजी (आजारापेक्षा त्या माणसाला आणि त्याच्या भावनांना धरून घेतलेली काळजी) ती हीच, असं धरून चालतात.

दिवेलागणीला आजी पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहतात. “घरी जायचंय, आई वाट बघत असेल.” आईला जाऊन चाळीस वर्षं झालेली. तसं सांगावं तर आजी आत्ताच कळल्यासारख्या रडतात. “आई बाजारात गेलीय, येईलच,” हे होला हो. त्याने पाच मिनिटं निभतात, मग आजी दारातून हलत नाहीत, कारण आई यायची आहे. आजींचा मुलगा येऊन “तुझी आई गावाला गेलीय” म्हणतो, की घोळ वाढतो. बाजाराची गोष्ट आजी विसरतील; आपल्याला बनवतायत ही भावना मात्र राहते, आणि ती पुढे आंघोळीच्या, औषधाच्या वेळी निघते.

मनातलं ओळखताना म्हणणं खोडायचं नाही, त्यात भरही घालायची नाही. आधी पाहा: लघवी लागलीय का, भूक आहे का, कुठे दुखतंय का, खोलीत अंधारलंय का? सांगता न येणारी अस्वस्थता अनेकदा ‘घरी जायचंय’ म्हणून बाहेर पडते. दिवा लावा. समोर, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसा. “आईची आठवण येतेय?” एवढंच विचारून थांबा. उत्तर जुळवायला वेळ लागतो. घाईने दुसरा प्रश्न टाकला की पहिलाही हातचा जातो. मग “आई संध्याकाळी काय करायची?” बोलता बोलता वाती वळायला कापूस पुढे करा, पण आजींनी आयुष्यात वाती वळल्या असतील तरच.

ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्डचे मानसशास्त्रज्ञ टॉम किटवुड यांनी अशा माणसांचं माणूसपण खच्ची करणाऱ्या वागण्याचे 17 प्रकार नोंदवले. त्यांत फसवणूक आहे, तशीच समोरच्याची भावना नाकारणं हेही आहे.

“पाटल्या सुनेने चोरल्या” इथे होला हो फार महागात पडतं. “असेल बाई” म्हटलं की संशय पक्का होतो आणि रोज सेवा करणारीच चोर ठरते. “पाटल्या दिसत नाहीत म्हणजे काळजी वाटणारच, चला शोधू,” म्हणा. लपवायच्या जागा सहसा ठरलेल्या असतात: उशीचा अभ्रा, तांदळाचा डबा. सापडल्या तरी आपण काढून दाखवू नका, त्यांच्या हाताला लागू द्या.

आजींनी स्वतःहून “आई गेली ना?” असं सरळ विचारलं, तर “हो” म्हणा आणि जवळ बसा. तिथे टाळाटाळ नको.

गोळी कुटून वरणात लपवणं हीदेखील फसवणूकच. शिवाय हळूहळू विरघळणारी गोळी कुटली, तर औषध एकदम अंगात उतरतं. डॉक्टरांना विचारून पातळ औषध मिळतं का बघा.