प्लॅस्टिकवर ओळख विसरणारी पेशी

गुडघ्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, जेमतेम 2 ते 4 मिलिमीटर जाड. तिच्यात रक्तवाहिनी नाही, मज्जातंतू नाही, पेशीही अगदी विरळ. त्यामुळे तिला खड्डा पडला तर तो बुजवायला आतून कोणी येत नाही.

मग पेशी बाहेर वाढवायच्या. सांध्याच्या कमी भार झेलणाऱ्या कडेवरून 200 ते 300 मिलिग्रॅम कूर्चा काढतात, बारीक चिरतात आणि कोलॅजिनेज या विकरात रात्रभर ठेवतात. पेशींभोवतीचं कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यांचं जाळं विरघळून पेशी सुट्या होतात. प्लॅस्टिकच्या भांड्यात, 37 अंश सेल्सिअसला, तीन-चार आठवड्यांत त्या कितीतरी पट होतात. अशा पेशी गुडघ्यात सोडलेल्या 23 रुग्णांचे निष्कर्ष स्वीडनच्या डॉक्टरांनी 1994 मध्येच छापले.

घोळ या वाढण्यातच आहे. गोल पेशी प्लॅस्टिकला चिकटून चपटी होते आणि काही पिढ्यांत दुसऱ्या प्रकारचं कोलॅजेन सोडून पहिल्या प्रकारचं बनवू लागते. ते व्रणाचं कोलॅजेन. सांध्यात टिकत नाही. म्हणून तिला पुन्हा गोल करावं लागतं. अडीच लाख पेशी नळीत फिरवून तळाशी गोळा करायच्या, नाहीतर अ‍ॅगरोजच्या जेलमध्ये अडकवायच्या. पेशी ज्या पोषक द्रवात वाढतात त्या माध्यमात सीरमऐवजी (रक्तातल्या द्रवाऐवजी) टीजीएफ-बीटा हे वाढीचा इशारा देणारं प्रथिन, डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि क जीवनसत्त्व. शेवटचं विसरलात तर कोलॅजेनचा तिपदरी पीळ घट्ट बसत नाही.

तीन-चार आठवड्यांनी मोत्यासारखा चकचकीत गोळा मिळतो. सॅफ्रनिन या रंगाने लालभडक रंगतो. बघायला झकास! पण दाबला की मऊ. कारण पाणी धरणारं अ‍ॅग्रिकॅन भराभर तयार होतं, त्याला आवळून धरणारं कोलॅजेन मात्र फार मागे राहतं. गादीत कापूस ठासून भरला, खोळ विरळच राहिली. म्हणून पेशी अडकवलेलं जेल रोज काही तास, सेकंदाला एकदा, जाडीच्या 10 टक्के दाबतात. चालत्या गुडघ्याची सवय लावल्यासारखं. त्याने ताठरपणा वाढतो. तुकडा जाड केला तर मधल्या पेशी उपाशी मरतात. अस्थिमज्जेतल्या मूलपेशी वापरल्या तर त्या कूर्चेवर थांबत नाहीत, हाडाच्या वाटेला लागतात.

आणि सगळं जमलं तरी सांधा राहतोच: नवा तुकडा आणि जुनी कड यांचा. कड कापताना तिथल्या पेशी मरतात, बोथट पातं असेल तर जास्तच, आणि मेलेल्या कडेतून शिवण विणायला कोणी उरत नाही. फायब्रिनचा, म्हणजे रक्ताची गुठळी बांधणाऱ्या प्रथिनाचा, गोंद तुकडा जागेवर धरतो, पण धागे जोडत नाही.