दोन पेडल्समधला फरक कानाने कसा ओळखायचा?

इलेक्ट्रिक गिटारच्या पेडल्सची, म्हणजे गिटार आणि अँप्लिफायरच्या मध्ये जोडून आवाज बदलणाऱ्या, पायाने चालवायच्या उपकरणांची तुलना करताना आपण चटकन विशेषणांकडे वळतो. एकाचा आवाज उबदार, दुसऱ्याचा धारदार, तिसऱ्याचा खरखरीत. ही विशेषणं खोटी नाहीत, पण त्यांनी कान तयार होत नाही. मला एक प्रश्न त्याहून कितीतरी उपयोगी वाटतो: गिटारमधून आलेल्या संकेतात मुळात नव्हत्या अशा वारंवारता हे पेडल तयार करतं का, की असलेल्याच कमीजास्त आणि मागेपुढे करतं?

गिटारकडून पेडलला मिळतं ते थोडंच. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की वेढ्यांत काहीशे मिलिव्होल्टचा संकेत उमटतो. पाचवी तार मोकळी छेडली तर त्यात 110 हर्ट्झचा मूळ सूर असतो आणि त्याच्याबरोबर 220, 330, 440 असे पटीतले उपस्वर. या उपस्वरांचं आपसातलं प्रमाण बदललं की आवाजाचा पोत बदलतो.

ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ ही तिन्ही पेडल्स नवे उपस्वर निर्माण करणारी आहेत. ती संकेत भरपूर वाढवतात आणि ठरावीक मर्यादेच्या वर गेलेली त्याची शिखरं छाटतात. गोलसर तरंगाचा माथा सपाट झाला की त्यात नवे उपस्वर आलेच, कारण सपाट माथा आणि तीव्र कडा उंच वारंवारतांशिवाय तयार होऊच शकत नाहीत. माथा हळुवार दबला तर ओव्हरड्राइव्ह, धारदार कापला तर डिस्टॉर्शन आणि तरंग जवळजवळ चौकोनी झाला तर फझ. सीमारेषा काटेकोर नाहीत, पण कानाला तिघांचा फरक कळतो.

फझ पेडलचा जन्म एका बिघाडातून झाला. 1961 साली आलेल्या मार्टी रॉबिन्सच्या एका गाण्यात ग्रेडी मार्टिनने वाजवलेला बास गिटारचा तुकडा नॅशव्हिलच्या स्टुडिओत मिक्सिंग कन्सोलच्या नादुरुस्त भागातून गेला आणि घरघरत बाहेर पडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो परिणाम ट्रान्झिस्टरच्या मंडलात, म्हणजे सर्किटमध्ये, मुद्दाम घडवून आणला. गिब्सन कंपनीने 1962 मध्ये तो माएस्ट्रो फझ-टोन नावाने बाजारात आणला. 1965 मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने तो वापरल्यावर त्याचा बोलबाला झाला.

छाटणी करणारा भाग बहुतेक वेळा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने वाहू देणारा घटक, असतो. सिलिकॉनचा डायोड साधारण 0.6 व्होल्टला वाहू लागतो, जर्मेनियमचा 0.3 च्या आसपास. तरीही केवळ डायोडच्या जातीवरून आवाज ठरवणं मला चुकीचं वाटतं. तो मंडलात कुठे बसवला आहे हे जास्त महत्त्वाचं. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमर या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये डायोड प्रवर्धकाच्या (संकेत वाढवणाऱ्या भागाच्या) प्रतिपोषणात, म्हणजे फीडबॅकच्या वाटेवर असतात. संकेत मोठा झाला की प्रवर्धन आपोआप कमी होतं, त्यामुळे माथा गोल राहतो. बॉसच्या डीएस-1 किंवा प्रोको रॅट या डिस्टॉर्शन पेडल्समध्ये प्रवर्धन आधी होतं आणि नंतर डायोड जादा भाग सरळ जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे, वळवतात. तिथे कडा तीव्र होते आणि आवाजात वाळू आल्यासारखी वाटते.

छाटणी दोन्ही बाजूंना सारखी असेल तर मुख्यतः विषम पटीतले उपस्वर वाढतात: 330, 550, 770. वरची आणि खालची बाजू वेगवेगळी छाटली तर 220, 440 हे समही वाढतात. दुसरा उपस्वर मूळ सुराचा वरचा षड्ज असल्याने तो बेमालूम मिसळतो. सातवा मात्र गिटारच्या पडद्यांवरच्या कुठल्याच स्वराशी नीट जुळत नाही. बॉसच्या एसडी-1 या ओव्हरड्राइव्ह पेडलमध्ये एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड आहेत, ट्यूब स्क्रीमरमध्ये दोन्हीकडे एकेक. बाकी रचना बरीच जवळची असल्याने ही जोडी शेजारी ठेवून ऐकावी अशीच आहे.

खरी गंमत दोन स्वर एकदम वाजले की सुरू होते. छाटणी अरेषीय असते, म्हणजे संकेत वाढेल त्याच प्रमाणात बाहेरचा आवाज वाढत नाही, म्हणून दोन स्वर त्यातून स्वतंत्रपणे पार होत नाहीत. त्यांच्या वारंवारतांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे सूर तयार होतात. 110 हर्ट्झचा षड्ज आणि त्याचा पंचम, सुमारे 165 हर्ट्झ, एकत्र वाजवा. वजाबाकी 55, म्हणजे षड्जच, एक सप्तक खाली. बेरीज 275, म्हणजे 55 ची पाचवी पट. सगळं एकाच कुटुंबात राहतं आणि दोन तारांतून खालच्या सप्तकाचा भरदार आधार मिळतो. आता पंचमाऐवजी शुद्ध गंधार घ्या. गिटारच्या पडद्यांवर तो 138.6 हर्ट्झला येतो, कारण समान अंतरांच्या सप्तकात 5:4 हे गुणोत्तर नेमकं बसत नाही. वजाबाकी येते 28.6, तर दोन सप्तकं खालचा षड्ज आहे 27.5. ही जवळ असूनही न जुळणारी सरमिसळ म्हणजेच फझमधून पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे तीन किंवा अधिक स्वर, वाजवल्यावर येणारा गढूळपणा. रॉकमध्ये षड्ज-पंचमाचे पॉवर कॉर्ड इतके रुजले त्यामागे हे साधं गणित आहे. ट्यूब स्क्रीमर सुमारे 720 हर्ट्झच्या खालचा भाग उत्तरोत्तर कमी वाढवतो. खर्जातली खिचडी टळते आणि कॉर्ड मोकळे ऐकू येतात.

फझ फेस नावाच्या पेडलबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं. 1966 चं हे मंडल दोन ट्रान्झिस्टरचं आणि अगदी मोजक्या घटकांचं आहे. त्याचा प्रवेशरोध (इनपुट इम्पिडन्स) कमी असल्याने ते पिकअपशी थेट जोडलं जातं आणि पिकअप जणू मंडलाचाच भाग होतो. गिटारवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की गुरगुरणारा आवाज स्वच्छ होत जातो. पण मध्ये बफर, म्हणजे गिटार आणि पुढचं मंडल यांना एकमेकांपासून अलग करणारा भाग, असलेलं दुसरं पेडल आलं की हे नातं तुटतं आणि तोच फझ कर्कश वाटू लागतो. सुरुवातीच्या फझ फेसमधले जर्मेनियम ट्रान्झिस्टर तापमानालाही संवेदनशील असतात. गरम झाले की त्यांतला गळती-प्रवाह वाढतो आणि आवाज बदलतो.

वाह, फेझर आणि फ्लँजर असलेल्या उपस्वरांवरच काम करतात. वाहमध्ये पायाच्या हालचालीने एक अनुनाद-शिखर, म्हणजे आवाज सर्वांत जास्त उठावदार होणारा पट्टा, साधारण 400 हर्ट्झपासून 2000 हर्ट्झपर्यंत सरकतं. आपण बोलताना जीभ आणि ओठ घशातल्या आवाजाचं हेच करतात, म्हणून गिटार स्वर उच्चारल्यासारखी वाटते. फ्लँजर संकेताची क्षणभर उशिरा आलेली प्रत मूळ संकेतात मिसळतो. उशीर एक मिलिसेकंद असेल तर 500, 1500, 2500 हर्ट्झला दोन्ही प्रती एकमेकींना खोडून काढतात आणि समान अंतरावर खाचा पडतात. फेझरमध्ये खाचा मोजक्याच. चार टप्प्यांच्या फेझरमध्ये दोन. म्हणून फ्लँजर विमान गेल्यासारखा घुमतो आणि फेझर सौम्यपणे फिरतो. आणि हो, खाच ऐकू यायची तर तिथे उपस्वर असावा लागतो. फझच्या नंतर लावलेला फ्लँजर इतका नाट्यमय वाटतो तो यामुळेच.

काटेकोरपणे पाहिलं तर ट्रेमोलो, म्हणजे आवाज ठरावीक लयीत कमीजास्त करणारं पेडल, हेही नव्या वारंवारता देतं. 110 हर्ट्झचा आवाज सेकंदाला पाच वेळा कमीजास्त केला तर गणितात 105 आणि 115 दिसतात. मात्र कान त्यांना वेगळे सूर न मानता आवाजाची धडधड म्हणून ऐकतो.

डिलेच्या, म्हणजे आवाज थोड्या उशिराने पुन्हा ऐकवणाऱ्या पेडलच्या, बाबतीत अॅनालॉगचा उबदारपणा हा शब्द फार गूढ करून वापरला जातो. फिलिप्सच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर यांनी 1969 मध्ये अॅनालॉग डिलेच्या मुळाशी असलेली एक चिप रचली. आग विझवताना माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढे देतात तसा त्यात विद्युतभार एका कपॅसिटरमधून पुढच्यात जातो. 4096 टप्पे आणि 10,000 हर्ट्झचं घड्याळ (भार पुढे ढकलण्याचा ठेका) असेल तर सुमारे 0.2 सेकंदाचा उशीर मिळतो. पण इतक्या संथ घड्याळावर 5000 हर्ट्झच्या वरचं काही नीट नेता येत नाही, ते आधीच गाळावं लागतं. पुनरावृत्तीतला मऊपणा मुख्यतः या गाळणीचा असतो. डिजिटल डिलेमध्ये तशीच गाळणी बसवली की फरक पुष्कळसा मिटतो.

डिले आणि फझ यांचा क्रम मात्र मिटवता येत नाही. फझ आधी असेल तर प्रत्येक प्रतिध्वनी स्वच्छ वेगळा राहतो. डिले आधी असेल तर प्रतिध्वनी आणि नवा स्वर एकत्रच छाटले जातात आणि पुन्हा त्या बेरजा-वजाबाक्या सुरू होतात.

दोन पेडल्स शेजारी ऐकताना आधी त्यांची तीव्रता सारखी करून घ्यावी, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमीच जास्त भरीव वाटतो. मग एकच स्वर, त्यानंतर षड्ज-पंचम, त्यानंतर षड्ज-गंधार, आणि शेवटी हेच सगळं गिटारचा व्हॉल्यूम निम्मा करून वाजवावं. दोघांमधला फरक बहुधा गंधाराशी आल्यावर उघड होतो.