जहाल भाषा आणि हिंसक भाषा: संपादकांना पत्र लिहिण्यापूर्वी

एखादं राजकीय भाषण ऐकून रक्त खवळतं. त्याच रात्री आपण वर्तमानपत्राला पत्र लिहायला बसतो आणि पहिलंच वाक्य उतरतं, ‘अशी भाषा नेत्यांना शोभते का?’ पत्र तिथेच फसतं. शोभण्या-न शोभण्याचा प्रश्न जहाल भाषेचा आहे. आपल्याला भीती वाटलेली असते ती हिंसक भाषेची.

जहाल भाषेचा रोख सत्तेवर, धोरणावर, कारभारावर असतो. ‘या सरकारला गाडून टाका’, ‘यांना पळता भुई थोडी करू’. शब्द मारामारीचे आहेत, पण गोष्ट मतदानाची चालली आहे हे ऐकणाऱ्याला कळतं.

हिंसक भाषेला मात्र शिवीची गरजच नसते. ‘ती माणसं उंदरांसारखी वाढली आहेत, कधीतरी साफसफाई करावीच लागेल.’ यात एकही अपशब्द नाही, आवाजही चढलेला नाही. पण माणसांचे उंदीर झाले आणि पुढचं काम गर्दीवर सोपवलं गेलं. १९९४ मध्ये रवांडात आरटीएलएम हे रेडिओ केंद्र तिथल्या अल्पसंख्याक तुत्सी समाजाला ‘झुरळं’ म्हणत राहिलं. तिथल्या नरसंहारात लाखो माणसं मारली गेली. म्हणून मला आरडाओरड्यापेक्षा असं शांतपणे बोललेलं वाक्य जास्त घाबरवतं.

उलट उदाहरणही आहे. १९६६ मध्ये वॉशिंग्टनच्या एका सभेत अठरा वर्षांचा तरुण म्हणाला, माझ्या हातात रायफल दिलीच, तर पहिला नेम राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवर धरेन. त्याला शिक्षा झाली. १९६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. बोलणं ‘जर-तर’चं होतं, ऐकणारे हसले होते, आणि राजकीय विरोधाची ती ओबडधोबड अतिशयोक्ती होती. नुसते शब्द पाहिले असते, तर ही खरी धमकीच वाटली असती.

शब्दांपलीकडे काय पाहायचं, याचे सहा निकष द्वेष भडकवणाऱ्या बोलण्याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१२ च्या रबात कृती आराखड्यात आहेत: संदर्भ, बोलणाऱ्याचं स्थान, हेतू, मजकूर आणि त्याची मांडणी, बोलणं किती जणांपर्यंत गेलं आणि प्रत्यक्ष इजा होण्याची शक्यता किती. गुन्हा ठरवण्यासाठीची ही पातळी मुद्दाम उंच ठेवलेली आहे. पत्रलेखकाला कुणाला तुरुंगात धाडायचं नसतं, तरी हे प्रश्न त्याच्याही कामाचे आहेत. बोलणारा कोण? समोर कोण होतं? ज्यांच्याबद्दल बोलला, ते तिथून किती लांब राहतात?

पत्रात मग ‘विखारी’, ‘गलिच्छ’ अशी विशेषणं नकोत. भाषणातलं नेमकं वाक्य, तारीख आणि सभेचं ठिकाण द्या. वाक्य अर्धं तोडू नका. पुढचं-मागचं गाळलं की समोरचा ‘विपर्यास केला’ म्हणून मोकळा होतो. ते वाक्य एकदाच द्या, मथळ्यात तर मुळीच नको, नाहीतर ‘उंदीर’ हा शब्द आपणच घरोघरी पोचवतो. जागेअभावी पत्रं छाटली जातात, म्हणून मुद्दा सुरुवातीलाच येऊ द्या: ‘अमुक सभेत नेत्यांनी एका वस्तीतल्या माणसांना प्राण्यांची उपमा देऊन त्यांना हटवण्याची भाषा केली. त्यांच्या पक्षाला हे मान्य आहे का?’ या प्रश्नाला पक्षाला हो किंवा नाही म्हणावं लागतं. ‘शोभते का?’ याला कुणीच उत्तर देत नाही.